थायरॉइडची गोळी नव्याने सुरू करताना

गोळी पहिल्यांदा तळहातावर घेतली की वाटतं, एवढीशीच? शर्टाच्या बटणाहून लहान. त्यातही खरं औषध किती, तर ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीत एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. बाकी सगळी भर, गोळी बोटांत धरता यावी म्हणून. औषध इतकं कमी असलं की त्यातलं थोडंसं जरी रक्तापर्यंत पोचलं नाही, तरी हिशोब चुकतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून निघतं.

मी ही गोळी अकरा वर्षं घेते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचा डोस किती असावा यात मी पडणार नाही. पण गोळी घरी आल्यावर ती घ्यायची कशी, हे चिठ्ठीवर तीन शब्दांत उरकलेलं असतं: ‘सकाळी, उपाशीपोटी, एक’. त्या तीन शब्दांमागचं उरलेलं सगळं मी चुका करत शिकले. तुम्हाला तेवढा वेळ घालवायची गरज नाही.

गोळी नेमकं काय करते

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) नावाचं संप्रेरक बनवते आणि थोडं टी-३. गोळीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तेच टी-४, कारखान्यात बनवलेलं. शरीर आपल्या गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करून घेतं. ज्यांची ग्रंथी अजिबात काम करत नाही अशा माणसांतही हे रूपांतर होतं, हे १९७० मध्ये दिसून आलं. त्यानंतर एकट्या टी-४ वर भागवता येतं याची खात्री पटली आणि आज जगभर पहिला उपचार हाच आहे.

त्याआधीची गोष्ट गमतीची आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका रुग्ण बाईला टोचला. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. पुढची कित्येक दशकं प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथींची भुकटी दिली जायची. तिचा जोर मात्र दर खेपेला थोडा वेगळा असायचा. आजच्या गोळीत ती अडचण उरलेली नाही. आता जी गडबड होते ती बहुतेक आपल्या बाजूने.

म्हणजे ही गोळी संप्रेरकाची कमतरता भरून काढते, ग्रंथी दुरुस्त करत नाही. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण कमतरता तिथेच असते. आयुष्यभर घ्यावी लागेल का, हे कमतरता कशामुळे आली यावर ठरतं. हाशिमोटोचा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते), ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन यांनंतर बहुधा कायमची. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन झालेली कमतरता पुष्कळदा काही महिन्यांत भरून येते. मानसिक आजारावरचं लिथियम किंवा हृदयाच्या लयीसाठीचं अमिओडॅरोन यांसारख्या औषधांमुळेही थायरॉइड कमी होतो. म्हणून पहिल्या भेटीतच ‘माझा थायरॉइड कशामुळे कमी झाला?’ हा प्रश्न विचारून घ्या.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. रिपोर्टवर टीएसएच ११ दिसला की घरात सांगितलं जातं, ‘थायरॉइड वाढलाय’. उलट आहे. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. समोरून उत्तर येत नसलं की हाक मोठी होते. टीएसएच जास्त म्हणजे संप्रेरक कमी, टीएसएच फार खाली म्हणजे संप्रेरक जास्त. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ ही पातळी ठीक धरतात, पण प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. ती रिपोर्टवर बाजूलाच छापलेली असते.

पहिल्या गोळीआधी

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी चालू औषधं एका पिशवीत घालून न्या. नावं आठवून सांगायला जाल तर नेमकं महत्त्वाचं औषध राहून जातं. हृदयाचा आजार किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. अशा लोकांना आणि वयस्करांना सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने करतात आणि डोस सावकाश चढवतात, कारण सुस्तावलेल्या हृदयाला एकदम पळवणं धोक्याचं असतं.

अॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी, कमकुवत असल्याचं कधी निदान झालं असेल, किंवा वजन उतरणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं, त्वचा काळवंडणं असं काही चालू असेल तर तेही गोळी सुरू होण्याआधी सांगा. अॅड्रिनलची कमतरता तशीच ठेवून थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. हे क्वचित घडतं, पण सांगायला एक वाक्य पुरतं.

रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर थायरॉइड सुधारेल तसा त्याचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका येतो. त्याची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करावी लागते. मधुमेहींची साखर थोडी वर सरकू शकते. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन यांमुळे थायरॉक्सिन शरीरातून लवकर संपतं, म्हणजे गोळी जास्त लागते. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, त्यात गर्भनिरोधकही आले, यांच्यामुळेही गरज वाढू शकते.

डोसबद्दल एवढंच. ग्रंथी जवळपास बंद असेल तर प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. ग्रंथी थोडंफार काम करत असेल तर बरंच कमी. तेव्हा नात्यातली कुणी २५ घेते आणि तुम्हाला १०० दिली म्हणून तुमचा आजार चौपट होत नाही. हा आकडा वजनासारखा आहे, ज्याचा त्याला.

बाटलीवरचा आकडा

औषध हातात पडल्यावर दुकानातच लेबल वाचा. काही ठिकाणी मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, काही ठिकाणी मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, ०.०५ म्हणजे ५०, ०.०२५ म्हणजे २५. दशांश चिन्हानंतरचं एक शून्य नजरेतून सुटलं की डोस दहापट होतो. चिठ्ठीवरचं अक्षर किरटं असेल तर डॉक्टरांकडून ‘पन्नास मायक्रोग्रॅम’ असं शब्दांत लिहून घ्या.

कंपनी शक्यतो बदलू नका. औषध तेच असलं तरी गोळीतली भर वेगळी असते आणि शोषणात थोडा फरक पडू शकतो. इतर औषधांत असा फरक सहज खपून जातो, इथे तो टीएसएचमध्ये दिसतो. कंपनी बदलावीच लागली तर घाबरण्यासारखं काही नाही. तारीख लिहून ठेवा आणि दीड महिन्याने टीएसएच करून घ्या.

रोजची गोळी

उठल्यावर आधी गोळी, साध्या पाण्याबरोबर, जवळपास ग्लासभर. मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, पोटात दुसरं काही नाही. अनशापोटी घेतलेल्या गोळीतलं ७० ते ८० टक्के औषध लहान आतड्यात शोषलं जातं. पोटात अन्न असेल तर हा आकडा घसरतो, आणि किती घसरेल ते त्या दिवशी काय खाल्लं यावर. आज साठ, उद्या पन्नास, परवा सत्तर. चिठ्ठीवर डोस एकच असतो, शरीराला मात्र रोज वेगळा मिळतो.

सगळ्यांना नडतो तो चहा आणि कॉफी. ‘नुसता चहा तर घेतला, खाल्लं कुठे काही?’ असं मीही म्हणत असे. २००८ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गोळीबरोबर किंवा लगेच नंतर कॉफी प्यायली की औषध कमी शोषलं जातं. चहालाही तोच नियम लावा. दुधात कॅल्शियम असतं, तेही थांबवा. सोयाचं दूध किंवा सोयाचे पदार्थ रोजचे असतील तर त्यांच्यात आणि गोळीत जास्त अंतर ठेवा.

मी काय करते सांगते. डबी आणि पाण्याचा तांब्या उशाशी असतो. गजर वाजला की डोळे किलकिले असतानाच गोळी तोंडात. मग तोंड धुणं, अंघोळ, आवराआवर होईतो पाऊण तास सहज जातो आणि चहाची वाट पाहतोय असं वाटतही नाही. गोळी स्वयंपाकघरात ठेवली होती तेव्हा रोज चहाच्या पातेल्याशी झगडा व्हायचा. (घरात लहान मूल असेल तर उशाशी ठेवू नका, त्याबद्दल पुढे.)

सकाळी जमतच नसेल, रात्रपाळी असेल, पहाटे निघायचं असेल, तर झोपताना घ्या. शेवटच्या खाण्याला तीन तास झालेले हवेत, आणि जेवणानंतर तोंडात टाकलेलं काहीबाहीही त्यात धरायचं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात रात्री घेणाऱ्यांचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगलेच आले होते. वेळ कुठलीही धरा, पण एकच धरा. आठवड्यातले चार दिवस सकाळी आणि तीन दिवस रात्री, असलं मधलं काही नको. वेळ बदलायचीच असेल तर डॉक्टरांना कळवा.

चार तासांचं अंतर

लोह, कॅल्शियम, जस्त वगैरे घातलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधं, अल्सरवरचं सुक्राल्फेट, कोलेस्टेरॉलवरचं कोलेस्टिरामिन. यांच्यापैकी काहीही थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नका. मध्ये चार तास हवेत. पोटात ही औषधं थायरॉक्सिनला चिकटतात आणि त्याला बरोबर घेऊन बाहेर पडतात.

गोळी सुरू झाल्यानंतरच्या पाचव्या वर्षी माझं हेच झालं. ७५ मायक्रोग्रॅमवर टीएसएच दोन-अडीचच्या आसपास छान बसला होता. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. मी शहाणपणा केला: सकाळी एक गोळी घेतेच आहे, त्याच पाण्याबरोबर दुसरी. विसरायला नको! तीन महिन्यांनी टीएसएच ९.८. डॉक्टरांनी डोस १०० केला. त्यांनी लोहाबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण ते ‘रक्ताचं औषध’, त्याचा थायरॉइडशी काय संबंध! पुढच्या तपासणीत थोडाच उतरला, मग १२५. एव्हाना हिमोग्लोबिन भरलं आणि लोह बंद झालं. महिनाभरात रात्री छाती धडधडून जाग यायला लागली. हात पुढे केला की बोटं थरथरायची. घरचे म्हणाले, ताण घेतेस. टीएसएच केला तर ०.०८. पूर्ण १२५ आता अंगी लागत होती आणि मला हव्या होत्या पंचाहत्तरच.

यातून मी एक नियम केला. टीएसएच बिघडलेला दिसला की डोसला हात लावण्याआधी गेल्या तीन महिन्यांत काय बदललं ते आठवायचं. नवी गोळी? कंपनी? चहाची वेळ? किती दिवस चुकले? वजनात मोठा फरक? हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ते विचारतील याची वाट पाहायची नाही. सगळं जागच्या जागी असेल तरच डोस वाढवण्याचं बोलणं.

आता लोह लागलं तर मी ते दुपारी घेते. कॅल्शियम रात्री.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचं गणित निराळं आहे. त्या थायरॉक्सिनला चिकटत नाहीत, पोटातलं आम्लच कमी करतात, आणि गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. त्यामुळे तिथे अंतर ठेवून फारसं साधत नाही. त्या रोजच्या झाल्या असतील तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पाहून गरज पडल्यास डोस बदलतात. सगळं शिस्तीत घेऊनही डोस चढतच चालला असेल, तर गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणारा सीलिअॅक आजार, पोटाच्या अस्तराचा आजार किंवा पोटातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूचा संसर्ग आहे का ते डॉक्टर बघतात.

दीड महिना धीर धरा

डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते, म्हणून आपल्याला तशीच अपेक्षा असते. थायरॉक्सिन अंगातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं. रोज थोडं येतं, थोडं जातं, आणि पातळी एका जागी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी सांगतात. पंधराव्या दिवशी केलेला टीएसएच अर्ध्यात सोडलेल्या वाक्यासारखा असतो. त्यावरून काही ठरवू नका.

कुणाला दोन-तीन आठवड्यांत उठताना हलकं वाटतं, कुणाला दोन महिने लागतात. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, चेहऱ्याची सूज हळूहळू ओसरते. केस आणि त्वचा सगळ्यात शेवटी, त्यांना कित्येक महिने द्या. वजनाची आशा मात्र बेताची ठेवा. थायरॉइड कमी झाल्याने चढलेलं वजन सहसा थोडकं असतं आणि त्यातला बराच भाग अंगात साठलेलं पाणी आणि क्षार असतो. तेवढं उतरतं. बाकीचं गोळीने उतरत नाही.

आणि उतरवायला म्हणून जास्त गोळ्या घेऊ नका. ज्यांचा थायरॉइड ठीक आहे त्यांनी वजनासाठी तर ही गोळी घेऊच नये. नेहमीच्या डोसने वजन उतरत नाही आणि मोठ्या डोसने जीव धोक्यात येतो, असा ठळक इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावरच छापलेला असतो.

रक्त द्यायला जाताना

टीएसएचसाठी उपाशी असावं लागत नाही. त्या दिवशीची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्या, विशेषतः फ्री टी-४ (रक्तात मोकळा फिरणारा टी-४) ही तपासायचा असेल तर. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास रक्तातला टी-४ चढलेला असतो आणि आकडा फसवतो. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला आणि एकाच प्रयोगशाळेत रक्त द्या, म्हणजे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून बघता येतात.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाबद्दल फार थोड्यांना माहीत असतं. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते मोठ्या प्रमाणात असतं, आणि थायरॉइडमुळे केस गळणारी माणसंच त्या गोळ्या घेत असतात! काही यंत्रांवरच्या तपासणीत बायोटिन लुडबुड करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. डॉक्टरांना वाटतं डोस जास्त झाला, ते कमी करतात. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा. डोस फार मोठा असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते विचारा.

आकडा बसला की पुढची तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दोन प्रकारच्या लोकांनी दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करू नये. ज्यांचा बिघाड पिट्युटरीत आहे त्यांचा टीएसएच भरवशाचा नसतो, त्यांचा डोस फ्री टी-४ वर ठरतो. आणि थायरॉइडच्या कर्करोगानंतर काही जणांचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात. त्यांना ‘तुझा डोस जास्त झालाय’ असा सल्ला देऊ नका.

गोळी चुकली

त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एक घ्या आणि पुढे चला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन एकदम नकोत. औषध अंगात टिकून असतं, त्यामुळे एका दिवसाने काही कोसळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चुकायला लागली तर ती चूक उरत नाही, तो तुमचा खरा डोस होतो. मग डॉक्टरांना ‘रोज घेते’ असं सांगून डोस वाढवून घेऊ नका, खरं सांगा. सात खणांची डबी आणा. घेतली की नाही हा प्रश्न सकाळी नऊ वाजता हमखास पडतो, आणि रिकामा खण दिसला की त्याचं उत्तर मिळतं.

बरं वाटतंय म्हणून आपणच बंद करणं वेगळं. पहिले आठवडे काहीच जाणवत नाही, इथेच फसगत होते. महिनोन्‌महिने बंद राहिली तर शरीर थंड पडणं, गुंगी, श्वास मंदावणं इथवर वेळ येऊ शकते, आणि त्या अवस्थेला थेट अतिदक्षता विभाग लागतो. कुणी वाळवलेल्या समुद्री शेवाळाची किंवा आयोडीनची गोळी पर्याय म्हणून सुचवली तर नाही म्हणा. आजारी ग्रंथीला जादा आयोडीनने आणखी बिघाड होऊ शकतो.

जास्त होतंय का?

धडधड, हात थरथरणं, घाम, उकडणं, झोप न लागणं, वारंवार शौचाला जावं लागणं, भूक असून वजन उतरणं, उगाच चिडचिड. यातलं दोन-तीन एकत्र आलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता टीएसएच करा. छातीत दुखलं, श्वास लागला किंवा नाडी वेडीवाकडी पळायला लागली तर लगेच रुग्णालय गाठा.

टीएसएच शून्याजवळ असूनही काहींना छान, तरतरीत वाटतं आणि ते डोस कमी करायला तयार नसतात. मला तो मोह कळतो. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. त्या बिघाडातून पक्षाघात होऊ शकतो. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही जादा थायरॉक्सिनने विरळ होतात, आणि ते मोडेपर्यंत कळत नाही.

दिवस राहिले तर

इथे थांबायचं नाही. गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पहिल्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका. गर्भाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमाराला काम सुरू करते आणि तोवर तो आईच्या थायरॉक्सिनवर असतो. त्याच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. आईची गरज तर चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, एकूण डोस बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, असा सोपा हिशोब पुष्कळ डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. मूल हवं असं ठरवत असाल तर तुम्हीही तो आधीच विचारून ठेवा. निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच होतो आणि तो बहुधा २.५ च्या खाली ठेवतात.

गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतात, म्हणजे चार तासांचा नियम सगळ्यात जास्त इथेच मोडतो. एक वेळापत्रक भिंतीवर लावा. बाळंतपणानंतर डोस पूर्वीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात. अंगावर पाजताना गोळी चालू ठेवायला हरकत नाही.

किरकोळ, पण उपयोगाचं

गोळी उन्हापासून, ओलीपासून आणि उष्णतेपासून दूर, मूळ बाटलीत किंवा पट्टीतच ठेवा. न्हाणीघरातलं कपाट यासाठी सगळ्यात वाईट. खणांची डबी वापरत असाल तर एका वेळी आठवड्याचीच भरा. प्रवासात बाटली हातातल्या पिशवीत, सामान हरवलं तर गोळी हरवायला नको.

शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलं तर एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. तोंडाने घेणं आठवडाभर बंद राहणार असेल तर शिरेतून देतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीबद्दल सांगायला मात्र विसरू नका.

बाळ जन्मतःच थायरॉइड कमी असलेलं असेल तर गोळी चुरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात लगेच देतात. चुरा बाटलीभर दुधात कालवू नये. बाळाने अर्धं सोडलं की किती पोटात गेलं ते कळत नाही.

आणि लहान मुलाने बाटली उघडून मूठभर गोळ्या खाल्ल्या असतील तर ‘चांगलं खेळतंय की’ म्हणून घरी बसू नका. टी-४ चं टी-३ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ताप, धडधड, चिडचिड कधी कधी काही दिवसांनी दिसते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जा. किती गोळ्या उरल्या आहेत ते वाटेत मोजा, डॉक्टर आधी तेच विचारतील.